आपली कन्या स्वतःसारखी नसल्याबाबत

मंगळवारी सकाळी मी दाढी करत असताना दाराखालून एक लिफाफा आत सरकला. आत एकच पान होते. विषय: आपली कन्या स्वतःसारखी नसल्याबाबत. संदर्भ: आपण दोन वर्षांपूर्वी भरून दिलेला नमुना सात. मजकूर असा, की उपरोक्त कन्येचे सध्याचे वर्तन आणि या कार्यालयात नोंदवलेले तिचे स्वत्व यांत तफावत आढळली असून, ती येत्या शुक्रवारपर्यंत दूर न केल्यास कन्येला स्वतःसारखी असल्याचा दाखला देता येणार नाही. खाली सही, सहीखाली शिक्का, आणि पहिला नीट उमटला नाही म्हणून त्याच्या शेजारी आणखी एक शिक्का.

गालाला साबण तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात डोकावलो. उपरोक्त कन्या टेबलाशी बसली होती. एका हाताने दूध पीत होती आणि दुसऱ्या हातात मोजा चढवून त्याला बोलायला लावत होती. मोजा विचारत होता, की गणिताची वही दप्तरात घातली का. ती मोज्याला सांगत होती, तू तुझं बघ. मला तरी ती बऱ्यापैकी स्वतःसारखी वाटली. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. वाटणे वेगळे आणि मोजणे वेगळे, हे दुकानदारांना समजावून सांगण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत.

माझ्या खात्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आमच्याकडे काचेच्या झाकणाखाली एक प्रमाण वजन ठेवलेले असते. त्याला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचे. बाजारातले प्रत्येक वजन त्याच्याशी ताडून पाहायचे. जुळले तर ठसा, नाही जुळले तर जप्त. बावीस वर्षांत मी न मोजता एकदाही सही केलेली नाही, आणि ही गोष्ट मी लग्नकार्यात अनोळखी माणसांनाही सांगतो. मुलीला घरात आम्ही मापटं म्हणतो. हे नाव तिला माझ्या व्यवसायावरून मिळाले. तिचे वय अकरा.

तर ही योजना आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मुलींना साच्यात घालू नका, त्यांना स्वतःसारखे होऊ द्या, असे फलक जागोजागी लागले होते. भाषणे झाली, भाषणांवर चर्चा झाल्या. मग कोणा शहाण्याने विचारले, की मुलगी स्वतःसारखी होते आहे की नाही, हे कार्यालयाला कळणार कसे? प्रश्न बिनतोड होता. स्वतःसारखी म्हणजे नेमकी कशी, हे आधी लेखी नसेल तर तपासणार काय, डोंबल? समिती बसली, समिती उठली आणि नमुना सात निघाला. त्यात चोवीस रकाने. मुलीचे स्वत्व पालकांनी भरून द्यायचे, कार्यालयाने त्याची नोंद घ्यायची, आणि पुढे मुलगी त्या नोंदीबरहुकूम वागते की नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. मग तिला दुसरे काहीतरी बनवण्याची कोणाची बिशाद?

नमुना भरायला गेलो त्या दिवशी पालकांची रांग जिन्यापर्यंत आली होती. रांगेत उभे राहून प्रत्येक जण हातावर फाइल ठेवून लिहीत होता आणि शेजाऱ्याच्या कागदात चोरून बघत होता. माझ्या पुढच्या बाईंनी लिहिले, झाडावर चढते. त्यांच्या पुढच्या गृहस्थांनी ते वाचले आणि स्वतःच्या कागदावर 'झाडावर चढते' खोडून 'साप पकडते' केले. मुलगी आरशासमोर रमते, मुलीला भातुकली आवडते, असले काही त्या रांगेत एकानेही लिहिले नाही. लिहिणार कसे? मागचा माणूस वाचत होता ना.

मी काही कोणाची नक्कल केली नाही. मी पुराव्यानिशी लिहिले. यंत्रांची आवड: अतोनात, कारण तिने घरातला तराजू उघडून ठेवला होता. रडते का: नाही, कारण गेल्या आठवड्यात रडली नव्हती. बाहुल्यांबद्दल भावना: तिटकारा, कारण तिने आपली बाहुली तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली फेकलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. तिटकारा हा शब्द लिहिताना मला जरा अभिमानच वाटला. साप पकडणारीच्या वडिलांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. मुलगी त्या वेळी खाली खेळत होती, म्हणून तिला विचारायचे राहिले. शिवाय रकाना रिकामा ठेवू नये, अशी ठळक सूचना होती आणि मी सूचना पाळणारा माणूस आहे.

दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग गेल्या महिन्यात वाचनालयाच्या तळघरात बाहुलीनाट्याचे शिबिर जाहीर झाले. एक निवृत्त शिंपी ते घेणार होते. लाकूड तासून बाहुलीचे डोके करायचे, सांध्यांना तारा बसवायच्या, कपडे शिवायचे, दिवे लावायचे, आणि मंचाखाली आडवे पडून तिला बोलते करायचे. जागा बारा. मापटं ते पत्रक घेऊन घरी आली तेव्हापासून घरातल्या एकाही मोज्याला शांतता मिळाली नाही. अकरा नावे लागली होती, बारावे तिचे होते. फक्त एक दाखला हवा होता. कोणी कोणत्याही मुलीला तिच्या स्वत्वाविरुद्ध कशात ढकलू नये म्हणून मुलींना सगळीकडे हा दाखला लागतो. वाचनालयाने तिचे नाव कार्यालयाकडे पाठवले, कार्यालयाने नोंद उघडली, आणि नोंदीत लिहिले होते: तिटकारा.

मी त्याच दुपारी कार्यालयात गेलो. स्वत्व अधिकारी बाई सभ्य होत्या. डाव्या गालाला हात लावून त्या माझी फाइल वाचत होत्या आणि बोलताना मधूनच थांबत होत्या. मी सांगितले, की मुलीला बाहुल्या आवडतात. त्या म्हणाल्या, की त्यांच्याकडील मुलीला आवडत नाहीत. मी म्हटले, मुलगी एकच आहे. त्या म्हणाल्या, की हाच तर मुद्दा आहे, एकच असायला हवी होती.

मग त्यांनी मार्ग सांगितले. पहिला, मुलीने नोंदीप्रमाणे वागू लागायचे. त्यासाठी गुरुवारी पडताळणी निरीक्षक घरी येईल, त्याच्यासमोर तिटकारा सिद्ध झाला की तफावत मिटली. "पण मग शिबिरात जाता येईल का?" मी विचारले. अर्थात नाही, त्या म्हणाल्या, तिटकारा असलेल्या मुलीला बाहुल्यांमध्ये कसे पाठवणार? पण दाखला मिळेल. दुसरा मार्ग, जुने स्वत्व परत करून नव्यासाठी अर्ज. त्याला सहा महिने लागतात, आणि त्या काळात मुलीने कशासारखेही असू नये.

"आणि तिसरा?"

"तिसरा आहे," बाई गाल दाबत म्हणाल्या, "पण तो सभ्य पालक घेत नाहीत."

मी सभ्य असल्यामुळे पुढे विचारले नाही.

घरी येऊन बायकोला सगळे सांगितले. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. दिवसभर लोकांच्या हिरड्यांचे ठसे हाताळत असल्यामुळे तिला माणसांच्या तोंडी दाव्यांचे फारसे कौतुक नाही. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की त्या वेळी तू मापट्याला विचारलं नव्हतंस? मी म्हटले, ती खाली खेळत होती. बायको उठून ताटे घ्यायला लागली. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त त्रास होतो, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.

बुधवारी मी रजा काढली आणि मुलीला तिच्या स्वत्वाची तालीम द्यायला बसलो. माझे म्हणणे सरळ होते. आधी तफावत मिटवून दाखला पदरात पाडून घ्यायचा, शिबिराचे पुढे बघता येईल. नमुना सातची प्रत मी तिच्यापुढे ठेवली. तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एकदा मागे जाऊन पुन्हा वाचली, आणि खरोखर कौतुकाने म्हणाली, "बाबा, ही भारी आहे. कोण आहे ही?"

मी म्हटले, तूच.

"मी?" ती हसायलाच लागली. मग माझा चेहरा बघून थांबली. "हे कोणी भरलं?"

मी घसा साफ केला. पुरावे सांगितले. तराजूचा, गेल्या आठवड्याचा, आणि शेवटी गॅलरीतून फेकलेल्या बाहुलीचा. तो ऐकून ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला आमच्या खात्यात खोटे वजन सापडल्यावर दुकानदाराकडे मी कसा बघतो ते आठवले.

"अरे बाबा, मी तिला फेकलं नव्हतं. तिला हातरुमालाचं पॅराशूट बांधलं होतं. तिला उडायचं होतं. ती पडली म्हणून मी दोन दिवस बाथरूममध्ये रडत होते. तू नळाचा वॉशर बदलायला हवा म्हणालास, आवाज येतो म्हणून."

वॉशर मी खरोखरच बदलला होता. त्याची पावतीसुद्धा ठेवली आहे.

मग तिने विचारले, की हे जुळलं नाही तर तुझी नोकरी जाईल का. मी म्हटले, नाही. मग तुला वाईट वाटेल का? मी म्हटले, थोडे वाटेल, कारण मी कधी चुकीचे लिहून दिलेले नाही. तिने विचार केला. "बरं," ती म्हणाली, "फेकते मी. कुठे फेकायचं?" आणि दुपारभर बिचारीने उशी फेकण्याचा सराव केला. पहिल्यांदा उशी हातभर गेली. चौथ्या खेपेला भिंतीवर आदळली, तेव्हा मी शाबास म्हणालो. आता ते आठवले, की मला माझीच लाज वाटते.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला पडताळणी निरीक्षक आले. मऊ आवाजाचे, थकलेले गृहस्थ, हातात पत्र्याची पेटी. पेटीतून त्यांनी मोजपट्टी, खडू आणि एक बाहुली काढली. ही खात्याची प्रमाण बाहुली, क्रमांक चार. पद्धत त्यांनी नीट समजावली. खडूने रेघ मारायची, मुलीने रेघेवर उभे राहून बाहुली हातात घ्यायची, आणि पुढे जे होईल ते मोजायचे. तिटकारा मीटरमध्ये मोजतात. दोनच्या वर उत्तम, एक ते दोन समाधानकारक, एकच्या आत शंकास्पद. आम्ही दोघे मापवाले असल्यामुळे आमचे लगेच जमले. मोजपट्टीला ठसा आहे का, हे मी सवयीने बघितले. होता.

तीनशे मुलींनी फेकून फेकून त्या बाहुलीचे पार मातेरे झाले होते. एक हात खांद्यातून निखळून दोऱ्यावर लोंबत होता. मापटं रेघेवर उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. तिने हात मागे नेला, आणि तसाच ठेवला. मग ती खाली बसली, बाहुली मांडीवर घेतली आणि आईच्या कपाटातून बारीक तार आणि पक्कड मागितली. बायकोने ती अशा चपळाईने दिली, की खिशातच ठेवली असावी. दहा मिनिटांत हात बसला. निरीक्षक मोजपट्टी धरून वाकलेलेच होते.

मग बाहुलीने हात वर केला, वळून त्यांच्याकडे पाहिले, आणि मापट्याच्या आवाजाहून अगदी वेगळ्या, खरखरीत आवाजात विचारले, की तुम्ही मला रोज फेकायला का घेऊन जाता?

निरीक्षक बाहुलीकडे बघत म्हणाले, "काय करणार बाई, नोकरी आहे."

"मला लागतं हो."

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले. पुसून झाल्यावर त्यांना आपण कोणाशी बोलतो आहोत हे लक्षात आले असावे, कारण ते ताठ उभे राहिले आणि अहवाल लिहू लागले. अहवाल त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला. अंतर: शून्य. शेरा: कन्येने प्रमाण बाहुली दुरुस्त केली व तिला निरीक्षकाशी बोलायला लावले. निरीक्षकाने उत्तरे दिली. निष्कर्ष: कन्या स्वतःसारखी नाही. जाताना त्यांनी पेटी एका हातात घेतली आणि बाहुली दुसऱ्या. ती पेटीत का ठेवली नाही, हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

मापटं मात्र कोपऱ्यात जाऊन बसली. नापास झाल्याचे तिला काही वाटले नव्हते. "बाबा, मी प्रयत्न केला," एवढेच म्हणाली. मग पत्रक घडी करून वहीत ठेवले. शिबिर शनिवारी सुरू होणार होते.

शुक्रवारी सुनावणी. आम्ही तिघेही गेलो. बाहेर बाकावर ते साप पकडणारीचे वडील बसले होते. त्यांची हालत माझ्याहून वाईट होती. त्यांच्या मुलीला सापाचा फोटो बघूनही घाम फुटतो, पण धोक्याच्या छंदांची दर तिमाहीला पडताळणी असल्यामुळे त्यांना कुठूनतरी साप पैदा करून तो मुलीच्या शेजारी ठेवावा लागत होता. आता कार्यालय साप पाळण्यासाठी वेगळा परवाना मागत होते. त्यांनी मला हळूच विचारले, की तुमचे तिटकाऱ्याचे कसे चालले आहे. मी हातानेच शून्य दाखवले.

अधिकारी बाईंसमोर मी माझी बाजू मांडली. रात्रभर विचार करून तयार केलेला मुद्दा होता, आणि तो खात्याचा होता. मी म्हणालो, "बाई, लोखंडाचं वजनसुद्धा वापरून झिजतं. म्हणून आम्ही ते दर दोन वर्षांनी पुन्हा तपासतो. कायदाच सांगतो."

"आणि झिजलेलं निघालं तर काय करता?"

खरे सांगणे भाग होते. झिजलेले निघाले तर जप्त करतो. बाईंनी समाधानाने मान हलवली आणि तेवढ्याने त्यांना कळ आली असावी, कारण त्यांनी पटकन गाल धरला.

इतका वेळ बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ती म्हणाली, "डावीकडे टोचतेय ना? किती वर्षं झाली कवळीला?"

बाई गडबडल्या. मग हळूच म्हणाल्या, आठ. तेव्हा अगदी बरोबर बसत होती, पण हल्ली आपलंच तोंड बिघडलं असावं.

"तोंड कशाला बिघडेल?" बायको म्हणाली. "तोंड बदलतं. हिरड्या बदलतात, जबडा बदलतो. आमच्याकडे रोज येतात अशी माणसं. तोंड बदललं की आम्ही कवळी घासतो, नाही जमलं तर नवीन करतो. तोंड घासून कवळीत बसवलेलं मी अजून पाहिलं नाही."

बाईंनी गालावरचा हात काढला, माझ्या फाइलकडे पाहिले, मग मापट्याकडे. आपण ज्या मुलीबद्दल मंगळवारपासून लिहितो आहोत ती समोर बसली आहे, हे बहुधा त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, की तिसरा मार्ग घ्यायची तयारी आहे का.

टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणातून त्यांनी एक गठ्ठा काढला. त्याच्यावरची छापखान्याची पट्टी अजून फुटलेली नव्हती. त्यांनी ती फाडली आणि वरचा कागद माझ्यापुढे सरकवला. नमुना अकरा. त्यात एकच वाक्य होते: मी, खाली सही करणारा पालक, लिहून देतो की नमुना सात भरताना मी माझ्या मुलीला विचारले नव्हते, व ती कशी आहे हे मला माहीत नव्हते.

खाली बारीक अक्षरात होते, की याची एक प्रत पालकाच्या कार्यालयास पाठवण्यात येईल.

मी पेन काढले आणि टोपण काढून तसाच बसून राहिलो. माझ्या कार्यालयात हा कागद जाणार. बावीस वर्षे जो माणूस न मोजता सही करत नाही म्हणून सांगत फिरला, त्याने स्वतःच्या पोटच्या पोरीचे माप अंदाजाने ठोकून दिले होते, हे तिथला शिपाईसुद्धा वाचणार. लग्नकार्यात मी आता काय सांगणार? शेजारी मापटं बसली होती. ती कागद वाचत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या खिशातून मोज्याचे टोक बाहेर आले होते. वाईट वाटणार असेल तर राहू दे, असे ती आता म्हणणार, हे मला दिसत होते. तिने ते म्हणायच्या आत मी सही केली.

बाईंनी नमुना सातवर आडवी रेघ मारली. मग नमुना अकराच्या मागच्या बाजूचे नियम वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले, आणि आश्चर्याने म्हणाल्या, की पुढे मुलीलाच विचारून दाखला द्यावा, असं लिहिलंय इथे. आजवर हे पान उलटायची वेळच आली नव्हती.

"तुला त्या शिबिरात जायचंय?" त्यांनी मापट्याला विचारले.

"हो," मापटं म्हणाली.

शिक्का बसला. समिती, चोवीस रकाने, मोजपट्टी, निरीक्षक आणि माझी तीन दिवसांची रजा, एवढ्या सगळ्याने जे कळले नव्हते, ते एका शब्दात कळले. विचारायला साधारण तीन सेकंद लागले. हे मी मोजले आहे.

निघताना मी सहज विचारले, की गठ्ठ्यात कागद किती. बाई म्हणाल्या, हजार छापले होते, योजनेबरोबरच. दोन वर्षांत तुम्ही पहिले. मग इकडे तिकडे बघून तो सगळा गठ्ठाच त्यांनी माझ्या हातात दिला. इथे पडून वाळवी लागण्यापेक्षा तुम्हीच वाटा, म्हणाल्या, तुम्ही बाजारात फिरता. बाहेर बाकाजवळून जाताना मी मुद्दाम चपलेचा अंगठा नीट करण्याच्या निमित्ताने वाकलो आणि एक कागद बाकावर राहू दिला. दारातून वळताना मागे पाहिले, तर साप पकडणारीचे वडील त्याच्यावर बसले होते. पण थोड्या वेळाने ते पेन शोधू लागले.

सहा आठवड्यांनी शिबिराचा खेळ झाला. मापटं मंचाखाली होती, म्हणजे दिसलीच नाही, पण खरखरीत आवाजाची एक म्हातारी बाहुली बोलू लागली आणि तिसऱ्या रांगेत बसलेले पडताळणी निरीक्षक मोठ्याने हसले, तेव्हा ती कुठे आहे हे आम्हाला कळले. माझा ऊर भरून आला. मी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी गृहस्थांना म्हणालो, "माझी मुलगी. तिला पहिल्यापासूनच बाहुल्यांची अतोनात आवड." बायकोने दुसऱ्या बाजूने असे कोपर मारले, की मला ते दोन दिवस दुखत होते.

घरी येताना मापट्याने जाहीर केले, की बाहुल्या छान आहेत, पण मंचावरचे दिवे जास्त छान आहेत. पुढच्या वर्षी बहुतेक दिवे. किंवा पोहणे. मी तोंड उघडले, पुन्हा मिटले, आणि विचारले, "का गं?" उत्तर घर येईपर्यंत पुरले.

सध्या माझ्या पिशवीत नऊशे अडतीस कागद शिल्लक आहेत. बाजारात वजने तपासतो तेव्हा दुकानदारांना एकेक देतो. घेतात सगळे, पण आपल्याला त्याची गरज नाही, शेजाऱ्याला देतो, असे म्हणून घेतात. तुमच्यासाठीही एक बाजूला ठेवला आहे. रागावू नका. मापट्याचे केस लांब आहेत की आखूड, हे या सबंध हकिकतीत मी कुठेही सांगितलेले नाही, हवे तर मागे जाऊन बघा. पण ती स्वयंपाकघरात दूध पीत होती तेव्हापासून तुम्हाला ते दिसत आहेत, आणि तुम्ही तिला काही विचारलेले नाही. सही खाली उजव्या कोपऱ्यात करायची.